बाळगोळी आणि कायद्याची शीव

'अफूची गोळी देणे' हा वाक्प्रचार आज आपण बहुधा राजकारणाच्या किंवा धर्मचर्चेच्या लेखनात योजतो. लोकांस गुंगवून ठेवणे, त्यांच्या हक्काची आठवण त्यांस होऊ न देणे, असा त्याचा अर्थ. धर्माविषयीच्या मार्क्सच्या प्रसिद्ध उद्गाराचे ते मराठी रूप असावे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. परंतु ही गोळी अलंकार होण्याच्या कितीतरी आधी मराठी घरात वस्तू म्हणून नांदत होती. तिचे नाव बाळगोळी. तान्ह्या मुलाने उगी राहावे, झोपावे, आणि आईच्या हातांस काही तास मोकळीक मिळावी, एवढ्यासाठी ती देत असत.

बाळगुटी आणि बाळगोळी यांची गल्लत मात्र होऊ नये. गुटी म्हणजे हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, खारीक, बदाम यांचे सहाणेवर मोजके वळसे देऊन आईच्या दुधात केलेले चाटण. तीत जायफळही असते, आणि जायफळाचे वळसे मोजताना जुन्या बायका फार काटेकोर असत. कारण झोप आणणारे द्रव्य ते हेच, आणि त्याचा अतिरेक बाधतो, हे त्यांस पक्के ठाऊक होते. गोळीतील मुख्य द्रव्य अफू. तेथे वळसे मोजावयाचे नसतात. गोळी ज्याने वळली त्याच्या हातावर भरवसा ठेवावयाचा असतो.

अफूने तान्हे मूल झोपते एवढेच होत नाही. अफू भूक मारते, श्वास मंदावते, आतडी सुस्त करते. मूल दूध कमी मागते म्हणून त्यास कमी मिळते. कमी मिळाल्याने ते वाळते, आणि वाळलेले मूल अशक्तपणामुळे आणखी गप्प राहते. मात्रा अंगवळणी पडली की वाढवावी लागते, आणि वाढवितावाढविता एखादे दिवशी ती प्राणावर बेतते. आपले दुःख सांगावयास तान्ह्याजवळ रडणे हे एकच साधन. बाळगोळी नेमके तेच काढून घेते. त्यामुळे या आबाळीची फिर्याद कोणत्याही कचेरीत नोंदविली गेली नाही. तिचा मागोवा घ्यावयाचा तर अबकारीचे कायदे, गिरणीच्या कामाचे तास आणि बालरक्षणाची कलमे यांच्या आधाराने घ्यावा लागतो. आम्ही येथे तोच मार्ग धरला आहे. व्यसनाधीन आईबापांच्या मुलांविषयी आज बोलणे होते तेव्हा जणू हा प्रश्न नव्या मादक द्रव्यांबरोबर कालपरवा उद्भवला, असा सूर लागतो. तो खरा नव्हे.

या शोधासाठी आम्ही उभे राहावयास शहापूर निवडले आहे, त्याचेही कारण सांगितले पाहिजे. बेळगावास खेटून असलेले हे विणकरांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव. शहापुरी लुगड्यांनी त्याचे नाव दूरवर नेले. परंतु १८१८ साली बेळगाव इंग्रजांच्या अमलाखाली गेले, तेथे पुढे लष्करी छावणी वसली, आणि शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानात राहिले. त्या संस्थानाचा तो एक तालुकाच होता. बोलणे एक, बाजार एक, सोयरीक एक. राज्ये मात्र दोन. १९४८ साली सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ही स्थिती टिकली. मुंबईत झालेला कायदा कोठवर पोचतो आणि कोठे थबकतो हे पाहावयाचे असेल, तर याहून सोयीची जागा आम्हांस दुसरी दिसत नाही.

कायद्याकडे येण्यापूर्वी अफू विकत कोण होते, ते पाहू. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई आणि तिच्यावरील पासाच्या शुल्कातून कंपनी सरकारास व पुढे राणीच्या सरकारास अमाप उत्पन्न होई, हे सर्वश्रुत आहे. घरगुती खपाची व्यवस्था तितकी ध्यानात घेतली जात नाही. १८७८ च्या अफूच्या कायद्याने अफूची पैदास, ताबा आणि विक्री सरकारी परवान्याखाली आली; त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि दारूच्या गुत्त्यांची व्यवस्थाही तशीच पक्की झाली. बाळगोळीतील अफूचा कण हा असा सरकारी परवान्याच्या दुकानातून येत असे. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. गुत्त्यांनी घरे कशी बुडतात, ते त्यांनी सत्तेपुढे मांडले. तिजोरी आणि घर यांचा हिशोब परस्परविरुद्ध आहे, ही गोष्ट आपल्याकडे इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे ओळखणारे फार थोडे होते.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटातील अफूविरोधकांच्या रेट्यामुळे लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमण्यात आला. त्याने देशभर साक्षी घेतल्या. तान्ह्यांस अफू देण्याच्या प्रघाताचा उल्लेख त्या साक्षींत पुनःपुन्हा येतो, आणि येतो तो बहुधा निर्विकारपणे, जशी एखादी जावळाची रीत सांगावी तसा. १८९५ च्या अहवालाचा कल ठाऊकच आहे: बेताने घेतलेली अफू हिंदी माणसास फारशी अपायकारक नाही, आणि बंदीची आवश्यकता नाही. आयोगातील हेन्री विल्सन या सभासदाने भिन्न मत नोंदविले, ते बाजूस पडले. 'बेताने' हा शब्द प्रौढ माणसाच्या बाबतीत कदाचित चालेल. पाळण्यातील मुलाचा बेत कोण ठरविणार, हा प्रश्न आयोगाने खऱ्या अर्थाने विचारलाच नाही.

तो विचारला गेला गिरणगावात. मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची पाहणी करण्याचे काम डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे सोपविले, आणि १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणकामगार स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले. हा आकडा त्या काळी जगभर गाजला. अफूच्या प्रश्नावर लिहिणाऱ्या परदेशी ग्रंथकारांनी तो उचलला, दीनबंधू अँड्र्यूज यांनी तो वापरला. परंतु आकड्यामागची दिनचर्या ज्यांनी पाहिली ते थोडे. १८९१ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले होते, आणि ती मर्यादा पुढेही दीर्घकाळ तीच राहिली. अकरा तास काम, मधली सुटी, चाळीतून गिरणीत जाण्यायेण्याचा वेळ. आणि चाळीच्या एका खोलीत दोनदोन, तीनतीन बिऱ्हाडे. मूल पाहावयास सासू नाही, ती रत्नागिरीस किंवा साताऱ्याकडे गावी. शेजारीण पाहील, पण तिची स्वतःची मुले आहेत. अशा वेळी सकाळच्या भोंग्याआधी दिलेली गोळी ही त्या आईला क्रूरता वाटत नसे. मुलाच्या सोबतीची तिच्या ऐपतीत बसणारी तीच एक व्यवस्था होती.

हा हिंदी बायकांच्या अज्ञानाचा नमुना आहे, असे त्या वेळी अनेकांनी मानले. आपल्याकडील सुशिक्षितांनीही मानले. त्यांस इंग्लंडचा इतिहास दाखविणे अवश्य आहे. मँचेस्टर, नॉटिंगहॅम येथील कापडगिरण्यांच्या भरभराटीच्या काळात तेथील कामकरी आया आपल्या तान्ह्यांस 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूयुक्त औषध पाजीत. १८६८ चा औषधविक्रीचा कायदा होईपर्यंत त्यावर कसला निर्बंध असा नव्हताच. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लो'चे मुलांस शांत करणारे सरबत होते. त्यात मॉर्फिन असे. त्यावर द्रव्याचे नाव छापणे १९०६ च्या कायद्याने भाग पडले. मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथात गिरणीकामगारांच्या मुलांस अफू पाजण्याची हकीकत आहे, ती इंग्लंडची. तेव्हा बाळगोळी अमुक जातीची वा देशाची रीत म्हणता येत नाही. यंत्राच्या वेळापत्रकाने आईस मुलापासून तोडले की ती कोठेही उगवते. मँचेस्टरची सून आणि परळची सून यांच्यात या बाबतीत अंतर होते ते साठसत्तर वर्षांचे.

आता १९२४ या वर्षाकडे वळू. त्या वर्षी या विषयाचे अनेक धागे एकत्र आलेले दिसतात. सप्टेंबरात राष्ट्रसंघाने जिनीव्हा येथे बालहक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भुकेल्या मुलास अन्न, आजाऱ्यास शुश्रूषा, अनाथास आसरा, एवढ्या साध्या गोष्टी प्रथमच राष्ट्रांच्या नावे मांडल्या गेल्या. नोव्हेंबरात त्याच जिनीव्हात अफूविषयक परिषदा सुरू झाल्या, त्या पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालल्या. इकडे मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी कामकरी स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. मुंबई कायदेमंडळाने त्याच वर्षी मुंबई बालक अधिनियम संमत केला. आणि डिसेंबरच्या अखेरीस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली, त्यांच्या आयुष्यातील एकमेव, असे काँग्रेसचे अधिवेशन बेळगावास भरले. टिळकवाडीच्या माळावर 'विजयनगर' नावाची छावणी उभारली होती. अधिवेशनासाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवितात. आसामातील अफूच्या प्रश्नाची काँग्रेसने करविलेली चौकशीही याच सुमाराची. तिचा अहवाल १९२५ चा.

त्या मंडपापासून शहापूर हाकेच्या अंतरावर. परंतु ते इंग्रजी मुलखात नव्हते. मुंबई कायदेमंडळाने मुलांसाठी केलेला अधिनियम तेथे आपोआप लागू होणे शक्य नव्हते, कारण संस्थानी मुलखात कायदा करण्याचा अधिकार संस्थानिकाचा. बेळगावच्या गल्लीतून शहापूरच्या गल्लीत खेळत गेलेले मूल एका कायद्याच्या छायेतून बाहेर पडत होते. अर्थात ती छाया बेळगावातही फारशी दाट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो अधिनियम जागोजागी अधिसूचना काढून लावावयाचा होता, आणि प्रत्यक्ष मुंबई शहरातच तो १९२७ मध्ये अमलात आला. जेथे रिमांड होम नाही, प्रमाणित शाळा नाही, घरी जाऊन चौकशी करणारा अधिकारी नाही, तेथे असला अधिनियम गॅझेटातील मजकूर होऊन राहतो.

शहापूरच्या विणकराच्या घरास आणखी एक शीव होती, आणि ती संस्थानच्या शिवेहून जुनी व चिवट. १८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभर किंवा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांस लागू होता; १८९१ मध्ये ही संख्या पन्नास झाली, १९२२ मध्ये वीस. हातमागाचे घर यांपैकी कशातच बसत नाही. माग घरातच. पुरुष मागाच्या खड्ड्यात बसलेला, बायको रहाटावर कांड्या भरणारी, थोरली मुले तिच्या हाताखाली, आणि वर आढ्यास टांगलेला पाळणा. येथे आई मुलापासून अकरा तास दूर नसते, हे गिरणीच्या तुलनेत भाग्यच म्हणावयाचे. परंतु मजुरी नगावर मिळते, आणि मुलाच्या रडण्याने थांबलेला हात तेवढी मजुरी गमावतो. जवळ असूनही मुलाकडे पाहता न येणे ही आबाळ कोणत्याही तपासनिसाच्या वहीत उतरत नाही. कारण तपासनिसास उंबरठ्याच्या आत येण्याची सत्ताच नाही.

मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या वास्तूत मुलांचे निवासगृह आले. मराठी वाचकांस ही वास्तू परकी नाही. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या याच तुरुंगात दिवस काढले, आणि आगरकरांनी त्या १०१ दिवसांचे पुस्तक केले. ज्या भिंतींनी संपादकांस कोंडले त्याच भिंतींच्या आत पुढे निराधार मुलांचे रक्षण व्हावे, यात काटकसर असेल. पण रक्षण या शब्दाचा त्या काळच्या राज्यकर्त्यांनी केलेला अर्थही त्यातून कळतो.

या अधिनियमांचा नमुना इंग्लंडच्या १९०८ च्या बालक कायद्याचा. त्यात, गुन्हेगारी किंवा मद्यपानाच्या सवयींमुळे मुलाचा सांभाळ करण्यास अपात्र ठरलेल्या आईबापाच्या ताब्यातून मूल काढून घेण्याची तरतूद होती. ही तरतूद टाकाऊ नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून रिकाम्या हाताने परतणारा, मारझोड करणारा बाप ही कल्पित मूर्ती नव्हती, आणि अशा घरातून मुलास बाहेर काढणे हे कित्येकदा त्याचा जीव वाचविणे असते. तथापि या भाषेत बाळगोळी देणारी आई कोठे बसते? ती स्वतः अफू खात नाही, दारू पीत नाही, गुन्हेगार नाही. तिचे मूल रस्त्यावर भटकत नाही. ते घरात निजलेले असते. कायद्याने पाहावयाची जी दृश्ये ठरविली होती, त्यांत हे निजलेले मूल नव्हते.

आमच्याकडील जुन्या प्रयत्नांशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ मध्ये पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी तसेच गृह काढले. तेथील संकट वेगळे होते, मादक द्रव्याचे नव्हे, लोकलज्जेचे. परंतु त्या गृहांची रीत अशी की आधी आईस आसरा द्यावयाचा. आई सुरक्षित झाली तर मूल वाचेल, हा त्यामागचा हिशोब. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत याच हिशोबाने वाचला आणि पुढे डॉक्टर झाला. १९२४ च्या कायद्याने आईस वगळून मुलाकडे पाहिले. शासनाला मूल उचलणे सोपे जाते. आईची मजुरी, तिची खोली, तिचे तास यांना हात घालणे कठीण जाते, कारण तेथे गिरणीमालक उभा असतो.

म्हणून आमच्या मते बाळगोळीच्या इतिहासात बालक अधिनियमापेक्षा दुसरेच काही कायदे अधिक महत्त्वाचे ठरतात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात स्त्रीकामगारांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक चर्चेस आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईस विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिभत्ता कायदा हा या देशातील अशा प्रकारचा पहिला. त्याची मुदत मोजक्या आठवड्यांची, रक्कमही बेताचीच. पण ज्या आठवड्यांत गोळी सर्वांत घातक, त्याच आठवड्यांत आई घरी राहू शकली. १९२९ ते १९३१ या काळातील शाही मजूर आयोगानेही या प्रघाताची दखल घेतली व पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांस दिली, आणि १९४८ च्या कायद्याने ती सक्ती झाली. या तरतुदींस दुसरीही बाजू आहे. भत्ता आणि पाळणाघर यांचा खर्च आपल्यावर पडू लागताच स्त्रियांस कामावर न घेणे मालकांस सोयीचे वाटू लागले. मुंबईच्या गिरण्यांत पुढील दशकांत स्त्रियांचे प्रमाण जे उतरत गेले, त्याची इतर कारणे असली तरी हे एक कारण नाकारता येत नाही. गिरणीतून बाळगोळी गेली, ती काही अंशी आयाच गिरणीतून गेल्या म्हणून.

तिजोरीचे कोडे याहून बिकट होते. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती प्रांतिक मंत्र्यांकडे आली, आणि दारूच्या उत्पन्नावर शाळा चालविण्याचा प्रसंग ओढवला. १९३७ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनी ही विसंगती बोलून दाखविली. दारूबंदी करावी तर मुलांच्या शिक्षणास पैसा नाही, ही अवस्था त्यांस क्रूर थट्टा वाटली, आणि वर्ध्याच्या स्वावलंबी शिक्षणाच्या योजनेमागे हेही एक कारण होते. बापाच्या पेल्यातून मुलाची पाटी यावयाची, हे अर्थकारण तेव्हापासून आजतागायत पुरते सुटलेले नाही. अफूच्या बाबतीत मात्र स्वतंत्र हिंदुस्थानने निश्चय केला. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत वैद्यकीय कारणांखेरीज अफूचा खप दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले, आणि १९५९ साली परवान्याच्या दुकानातील अफू थांबली. चोरटा व्यापार राहिला, पण घरोघरची बाळगोळी त्यानंतर झपाट्याने विरली. मुलाच्या रक्षणासाठी म्हणून केलेले कलम तीस वर्षांत जे करू शकले नाही, ते दुकान बंद होताच घडू लागले.

शहापूरचे पुढे काय झाले? १९४८ साली ते मुंबई राज्यात आले, आणि योगायोग असा की मुंबईचा नवा बालक अधिनियम त्याच वर्षाचा. संस्थानची शीव पुसली गेली, बेळगाव आणि शहापूर एका कायद्याखाली आली. परंतु आठच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याप्रमाणे जुने कायदे त्या त्या प्रदेशाबरोबर गेले; तेव्हा काही वर्षे म्हैसूर राज्याच्या या भागात मुंबईचे कायदे, आणि १९६४ मध्ये म्हैसूरचा स्वतःचा बालक अधिनियम. सीमाप्रश्नाविषयी येथे बोलण्याचा आमचा हेतू नाही. त्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. परंतु अवघ्या वीस वर्षांत एकाच गल्लीतील मूल सांगली, मुंबई आणि म्हैसूर अशा तीन सत्तांच्या कायद्यांखालून गेले, आणि प्रत्येक वेळी गृहे, अधिकारी, भाषा आणि कागद पुन्हा नव्याने जुळवावे लागले, ही गोष्ट त्या वादात कोणी मांडलेली आमच्या वाचनात नाही.

बेळगावच्या उत्तरेस निपाणी. तेथे अफूची जागा तंबाखूने घेतली आहे, असे म्हणणे सर्वस्वी बरोबर होणार नाही, कारण तंबाखू तेथे आधी पोट भरण्याचे साधन आहे आणि मग व्यसन. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या लढ्यावर युगांतर चित्रपटगटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामाच्या जागी पाळणाघर बंधनकारक केले होते. मंगळूरच्या विडी कारखानदारांनी त्या कायद्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरविला. परंतु तोवर धंद्याने आपली वाट शोधली होती. पाने आणि तंबाखू तोलून घरी द्यावयाची, वळलेल्या विड्या हजारांवर मोजून घ्यावयाच्या. काम घरात गेले की पाळणाघराचे कलम त्याच्या मागोमाग घरात येत नाही. शहापूरच्या मागाचा जुना उंबरठा निपाणीच्या विडीसही सोयीचा झाला. १९८६ च्या बालमजुरीच्या कायद्याने विडी वळण्याच्या कामात मुलांस मनाई केली, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामास सूट ठेवली. सुपात पाने, मांडीवर मूल आणि हवेत तंबाखूची धूळ: या घरात कोणी कोणाची जाणूनबुजून आबाळ करीत नाही.

२०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाने मुलास दारू, मादक द्रव्य किंवा तंबाखूचा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. वैद्याचा आदेश असेल तरच अपवाद. बाळगोळी देणाऱ्या परळच्या आईस हे कलम लावले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. याच अधिनियमात, अपात्र किंवा असमर्थ आईबापाचे मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' मानले आहे, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, कुटुंब हा पहिला, असे तत्त्व सांगितले आहे. १९२४ पेक्षा ही भाषा निश्चितच सुजाण आहे. 'मद्यपी' या निवाड्याच्या जागी 'असमर्थ' हा शब्द येणे, हे लहानसहान अंतर नव्हे. पण असमर्थ बापास समर्थ करण्याचे काम दुसऱ्या मंत्रालयाकडे आहे. व्यसनमुक्तीची केंद्रे सामाजिक न्यायाच्या खात्याकडे, मुले महिला व बालविकासाच्या खात्याकडे. एकाच घरातील दोन माणसांची कागदपत्रे दोन कचेऱ्यांत जातात. १९८६ साली पुण्यास मुक्तांगण काढणाऱ्या अवचट दांपत्याने रुग्णाबरोबर त्याच्या बायकोमुलांसही उपचाराच्या वर्तुळात घेतले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. अनिल अवचट हे त्याआधी निपाणीच्या तंबाखूकामगार बायकांत हिंडून त्यांच्याविषयी लिहिणारे लेखक होते, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे. व्यसन आणि मजुरी एकाच घरात राहतात, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आणि शीव अजून आहेच. निपाणीचे मूल कागलास किंवा कोल्हापुरास सापडले तर ते एका राज्याच्या बालकल्याण समितीपुढे येते आणि त्याचे घर दुसऱ्या राज्याच्या समितीच्या क्षेत्रात असते. मुलास त्याच्या रहिवासाच्या जागी पाठविण्याची तरतूद ९५ व्या कलमात आहे. घरच्या चौकशीचा अहवाल मागवावयाचा, खात्री करावयाची, सोबत द्यावयाची. एका बाजूचे कागद मराठीत, दुसऱ्या बाजूचे कन्नडात, आणि अंतर एसटीच्या तासाभराचेही नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये कामकरी आयांच्या मुलांसाठी जी पाळणाघरांची योजना नव्याने रचली तिचे नाव 'पालना', म्हणजे पाळणाच. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्यांसाठी 'कूसिन मने' उघडण्यास आरंभ केला. कन्नडात 'कूसु' म्हणजे तान्हे मूल, आणि मराठी 'कूस' शेजारच्याच अर्थाची. शब्दांना शिवेची अडचण झालेली नाही. ही घरे ग्रामपंचायतींच्या हद्दीत निघतात. निपाणीभोवतालच्या खेड्यांतील बायकांस त्यांचा लाभ होऊ शकतो. शहापूर बेळगाव महानगरपालिकेत आहे.